रामाजीच्या पोरीले वरून दिसते

आमच्या ह्यायच्या तोंडाले कधी कुलूप नव्हतं. नोकरी पोष्टमनची. मूल गावाच्या पुढं जंगलाच्या कडेनं जेवढी खेडी हायेत तेवढ्यायले सायकलवर टपाल पोचवाचं. चिठ्ठी एक राहे अन् हे तिच्यासंग दहा गोठी वाटून येत. कोनाची म्हैस व्याली, कोनाचा जावई रुसून गेला, सगळं ह्यायच्याच थैलीत. मी म्हनायची, "सरकार तुमाले पगार चिठ्ठ्यायचा देते का चुगल्यायचा?" तर दात काढून हसत. रिटायर झाले, सायकल पडवीत गंजली, पन थैली काही खाली झाली नाई.

अन् त्यात आमच्या संघप्रियाले नागपूरले नोकरी लागली.

नोकरी चांगली हाये, मी नाव ठेवत नाई. उपग्रह वरून जमिनीचे फोटू काढते अन् ह्या पोट्ट्या कम्प्युटरवर बसून त्याचे नकाशे बनवते. कोन्या तलावात पानी किती राह्यलं, जंगल कुठी विरळ झालं, धान किती जमिनीत लागलं, हे सारं म्हने गावात पाय न ठेवता समजते. तिनं बापाले एवढंच सांगतलं होतं, माह्यासमोर, जेवता जेवता. मी आयकलं अन् ताट उचललं. ह्यायनं आयकलं ते मात्र ह्यायच्या पोटात जाऊन वाढाले लागलं.

पहिले सांगत, पोरीले वरून तलाव दिसते. मंग तलावातली म्हैस दिसाले लागली. मंग म्हशीवर बसलेला बगळा. होळीपावतर त गोठ इथवर आली का कोनी रानात बिडी पेटवली त धूर तिले आफिसात दिसते. मी टोकलं, "अहो, जरा लगाम लावा तोंडाले. पोट्टी का देव हाये?" तर म्हने, "देव कायचा? सायन्स हाये. आपन बुद्धाचे लोक, आपन देवाले मानतो का?" आता या मानसासंग काय वाद घालावा, सांगा.

मंग कोलूभाऊची बकरी हरपली.

कोलूभाऊ म्हंजे आमच्या घरामागं, पांदनीच्या पलीकडं राहते तो. गोंडाचं घर. तो अन् त्याची बायको सोमारी, दोघंच. लेकी लग्न होऊन दूर गेल्या. पावसाळ्यात रानातून सात्या, म्हंजे अळिंबी, आनल्या त पहिला वाटा आमच्या घरी, मोहाची फुलं वाळली का मूठभर संघप्रियासाठी बांधून ठेवन, "पोरीले भाजून दे, बाई." साधा मानूस. ह्यायच्यावर त्याचा इतका भरोसा, का चिठ्ठीत नसलेली गोठ बी ह्यायनं सांगतली त तो खरी माने.

तर बकरी सापडंना. हे लगेच फोन लावून बसले, स्पीकरवर, आंगनात चार लोक जमवून. "बाई, कोलूभाऊची बकरी पाय बरं कुठी दिसते का." पोट्टी तिकडं कामात असन. हसली अन् म्हने, "कोलूकाका, बोडीकडं पाहून घ्या, पानी प्यायले गेली असन." मस्करीच केली तिनं. उन्हाचे दिवस, बकरी दुसरं कुठी जाईन? पन ती नेमकी बोडीवरच भेटली. झालं! ह्यायनं असं तोंड केलं जसा उपग्रह ह्यायनंच पाळला हाये अन् त्याले रोज चारा टाकते.

त्या दिवसापासून जो तो म्हने, "रामाजी पोष्टमनच्या पोरीले वरून दिसते." आमच्या गावाले कोनी वरून पाहून राह्यलं, असं लोकाले पक्कं वाटाले लागलं. सोमारीची न्हानी उघडी होती, चार बाजूले कूड अन् वर आभाळ. तिनं वरून ताडपत्री टाकून घेतली. मले म्हने, "बाई, आपली पोट्टी हाये म्हना, पन तिच्या बाजूले मानसं बी बसत असन." मी इतकी हसली का ठसका लागला. अन् कोलूभाऊ त रानात जातांनी मोकळ्या जाग्यावर थांबे, वर पाहे अन् हात हलवे. "पोरगी आफिसात बसली असन. बरं वाटन तिले," म्हने.

मी पोरीले फोनवर म्हनलं, "अवं, एकदा खरं सांगून टाक ना ह्या लोकायले." ती म्हने, "जाऊ दे ना आई. बाबा किती खुश हायेत. कोनाचं काय बिघडते?" अन् मी बी गप बसली. कोनाचं काय बिघडते! खरं सांगू का, मले बी ते बरं लागे. विहारात गेली का बाया सरकून जागा देत, "मीराबाई, इथी पुढं बसा." मी पुढं बसे. पदर सारखा करून, मान ताठ करून बसे.

यंदा जयंतीले संघप्रिया घरी आली होती. चौदा एप्रिलची मिरवनूक झाली, दुसरा दिवस उगवला. आंगनातला पेंडाल आखीन सोडला नव्हता, निळ्या पताका वाऱ्यानं फडफड करत होत्या. अन् ऊन! सकाळीच असं तापलं होतं का नळाचं पानी हाताले भाजे. आमच्या चंद्रपूरचं ऊन काय अस्ते ते बाहेरच्या मानसाले सांगून समजत नाई. दोपारी कुत्रं बी सावली सोडत नाई.

जेवनाच्या वक्ताले सोमारी आली. पायात चप्पल नाई. "पोष्टमन भाऊ, माह्या मानूस आला नाई."

कोलूभाऊ अंधारातच मोह वेचाले गेला होता. रोज ऊन चढाच्या आत टोपली भरून येते. सोमारी त्याच्या नेहमीच्या झाडायखाली जाऊन आली होती. फुलं तशीच पडून होती, कोनी वेचली नव्हती. म्हंजे तो तिथी थांबलाच नाई, पुढं गेला. यंदा मोह कमी पडला, त चांगलं झाड हुडकत गेला असन. पन पुढं म्हंजे कुठी? पुढं जंगल काय हातभर हाये?

आता आमच्या गावची एक रीत हाये. रानातून मानूस आला नाई त वाट पाहात बसत नाईत. घरटी एक गडी निघते. हातात काठी, डबे, थाळ्या. सारे ओळीनं पसरते, डबे बडवते, नाव घेऊन हाक घालते. वाघाच्या मुलखात एकट्या मानसाले एकटं ठेवाचं नाई, हे लेकरायले बी शिकवाव लागत नाई. चाय पिनारा कप खाली ठेवून उठते. त्या दिवशी बी तसेच उठले. धनराज, पेंडालवाला, तो डबा वाजवतच आला. बघता बघता आमच्या आंगनासमोर गडी जमले, कारन रानाची वाट आमच्याच घरावरून जाते.

अन् आमचे हे पुढं झाले. दोनी हात वर केले.

"थांबा, थांबा! अशा उन्हात कुठी कुठी हिंडसान? एक मानूस हुडकाले जासान अन् चार उन्हानं पडन. संघप्रिया घरीच हाये. कम्प्युटर संग आनला हाये तिनं. पाच मिनटात सांगते कोलूभाऊ कुठी हाये ते. मंग सिधे तिथीच जा."

डबे थांबले. लोकायनं एकमेकाकडे पाह्यलं. मले तो वक्त आतापावतर दिसते. गडी काठ्या पेंडालच्या खांबाले टेकवून खाली बसले. काऊन नाई बसन? बकरी सापडली होती ना.

पोट्टी दारात उभी होती. तिचा चेहरा मी पाह्यला. ती बापाकडे पाहे, मंग त्या बसलेल्या मानसायकडे पाहे. मंग तिनं माह्याकडे पाह्यलं. मायले लेकरू काय म्हनते ते समजाले तोंड उघडाव लागत नाई. ती इचारत होती, आई, आता काय करू? एक बोल फक्त मले बोलाचा होता. "दिसत नाई रे बाबा तिले काही, जा तुम्ही रानात." एवढाच. पन चाळीस मानसायपुढं माह्या मानसाचं नाक कापलं गेलं असतं. मी आत गेली अन् चाय मांडला.

हव. चाय मांडला. मोठ्या गंजात, साखर जास्त घालून.

पोरीनं लॅपटॉप आनून टेबलावर ठेवला. मोबाईलवरून नेट जोडलं. आमच्या इथी नेट कसं हाये, आलं त आलं. चक्री फिरत राहे. ती घाम पुसे, उगाच बटनं दाबे. हे तिच्या खुर्चीमागं उभे राहून लोकायले समजावून सांगत, "वरून इथपावतर यायले वेळ लागते ना! लांब हाये ते." सोमारी एकदम पुढं, टेबलाशी, जमिनीवर बसली होती. त्या लॅपटॉपपुढं हात जोडून. मी चाय द्यायले गेली त तिनं घेतला नाई. मले तिच्याकडं पाहवलं नाई. मी कप तिच्या बाजूले ठेवला अन् सरकली.

किती वेळ गेला सांगता येत नाई. चाय झाला, पानी झालं, पेंडालची सावली या खांबावरून त्या खांबावर गेली. कोनी एक जन म्हने, "पोष्टमन भाऊ, आमी निघू का?" तर हे म्हने, "अरे आलंच आता!" अन् खरंच आलं. पडदा हिरवा-तपकिरी झाला, मंग घरं दिसाले लागली.

काय गलका झाला! "हे शाळा! हे शाळेचं छप्पर!" "हे विहार!" "माह्या गोठा पाय रे!" सारे टेबलावर वाकले. ह्यायची त छाती अशी फुगली, हे एकेकाले बोटानं दाखवून राह्यले होते.  पोरीचे हात मांडीवर होते.

सोमारी उभी राह्यली. तिनं आपलं घर ओळखलं, पांदनीच्या कोपऱ्यावरून. बोट पडद्याले लावलं. "हे माह्यं घर. हे आंगन. अन् हे..." ती हसली. आंगनात दोन ठिपके होते, एक पांढरा, एक तांबूस. "हे माहे बैल! दोनी बैल बांधले हायेत पाय!"

"पाह्यलं?" हे ओरडले. "बैल बी दिसते का नाई? मी म्हनत होतो का नाई?"

सोमारीचं बोट पडद्यावरच होतं. हसू मात्र गेलं. ती वळली अन् पोरीले हळूच इचारलं, "पन बाई, तांबडा त मागच्या पोळ्याच्या पहिले मेला ना?"

टेबलावर वाकलेली मानसं एकेक करून सरळ झाली. 

संघप्रिया उठली. "काकू," तिनं म्हनलं, अन् तिचा आवाज फाटला, "हा फोटू जुना हाये. दोन वर्साचा. आजचं मले काहीच दिसत नाई. मानूस त दिसतच नाई. कधीच दिसत नव्हता."

"अवं, असं कसं," हे म्हने. हसत होते, पन ते हसू तोंडावर कसंतरी चिकटवल्यावानी होतं. "दुसरं कोनतं बटन असन. पाय ना, बाई. नीट पाय."

"बाबा, बटन नाई."

"तरी पन..."

"बाबा! बटन नाई हाये!"

धनराजनं आपला डबा उचलून जमिनीवर आपटला. "मंग दोपारपासून आमाले कायले बसवून ठेवलं?" त्याले कोनी गप केलं नाई. मी बी नाई. सोमारी मात्र भांडली नाई, रडली नाई. ती पेंडालच्या बाहेर पडली अन् एकटीच रानाच्या वाटेनं चालाले लागली. मले त्या वक्ताले धरती फाटून आत गेली असती त बरं वाटलं असतं. साऱ्या गावाच्या चाय पेलेल्या कपायमधी मी उभी होती अन् त्या बाईच्या पायात चप्पल नव्हती.

पोट्टी धावत तिच्यामागं गेली, हात धरून तिले परत आनलं. "काकू, एक मिनिट. खरं जे हाये ते दाखवते. यात घर दिसनार नाई, मानूस दिसनार नाई. फक्त ओल कुठी हाये ते दिसते." तिनं दुसरा फोटू काढला, तिच्या कामाचा, लॅपटॉपमधीच ठेवलेला. मागच्या आठवड्यातला, म्हने. धुरकट, चौकोन चौकोन. सारं रान मातीच्या रंगाचं अन् त्यात लाल रेघा. "हे लाल म्हंजे हिरवी झाडं. एप्रिलात सागाचा पाला झडते, सारं वाळते. जिथी लाल हाये तिथी जमिनीत आखीन पानी हाये. एक ही बोडी. अन् एक इथी, पहाडीच्या मागं."

सोमारीनं पाह्यलं. तिले फोटू समजला नसन, पन पहाडी समजली. "हे त घोगऱ्याचा नाला. तिथी मोहाची मोठी झाडं हायेत. लांब हाये म्हून कोनी जात नाई." मंग म्हने, "तो तिथीच गेला असन."

दोन टोळ्या झाल्या. लहान टोळी बोडीकडं, मोठी घोगऱ्याकडं. मी बी चप्पल घालून निघाली. बायायनं म्हनलं, मीराबाई, तुमी कुठी? पन मले त्या घरात बसवत नव्हतं. आमचे हे साऱ्यायच्या मागं चालत होते. कोनी त्यायच्याशी बोललं नाई. त्यायच्या हातात थाळी होती अन् ते ती इतक्या जोरात बडवत होते का मधात तिचा काठ वाकला.

ऊन उतरलं होतं तरी खालची माती पोळत होती. पहाडी ओलांडली, नाला आला. खरंच तिथी झाडं हिरवी होती, करंज अन् जांभूळ, अन् दगडायमधी पान्याचं डबकं होतं. थंडगार सावली. डबक्याच्या काठाले टोपली पडली होती, मोह सांडला होता. दगडावरून पाय घसरल्याचा माग होता. पन कोलूभाऊ नव्हता.

"खुडखुड काही आयकू येते का?" कोनी म्हने. साऱ्यायले वाघच आठवला. सोमारीनं मात्र जमीन पाह्यली. पाला बाजूले झाला होता, जसं कोनी आंग ओढत नेलं. ती त्या मागानं चढाले लागली, आमी तिच्यामागं.

वर मोकळा खडक होता. मोठा, चपटा, तव्यावानी काळा. त्यावर एक झाड नाई, एक झुडूप नाई. त्या खडकाच्या मधोमध कोलूभाऊ पडला होता, उताना. बाजूले त्याचा लाल गमचा नीट पसरून ठेवला होता. उडू नाई म्हून चारी कोपऱ्यावर चार दगड.

तो जित्ता होता. ओठ फुटून रक्त सुकलं होतं, डोळे अर्धे उघडे, पायाचा घोटा सुजून फनसावानी झाला होता. आंग असं तापलं होतं का मी हात लावला अन् मागं घेतला. सोमारीनं त्याचं डोस्कं मांडीवर घेतलं अन् त्याच्याशी गोंडीत बोलत राह्यली. कोनी पानी आनलं, कोनी लुगडं भिजवून आनलं.

"येडा झाला का हा?" धनराज म्हने. "पानी खाली, सावली खाली. तुटक्या पायानं वर काऊन आला मराले?"

 मी त्या गमच्याकडं पाह्यलं. मंग आमच्या ह्यायच्याकडं पाह्यलं. हे बी गमच्याकडंच पाहून राह्यले होते. अन् थाळी त्यायच्या हातातून खाली पडली.

बांबूले धोतर बांधून झोळी केली. पहाडीच्या खालपावतर एका बाजूले आमचे हे होते. दुसऱ्यायनं खांदा द्यायले म्हनलं तरी त्यायनं सोडला नाई, अन् मी बी सोडा म्हनलं नाई. सडकेवर गाडी आली, कोलूभाऊले चंद्रपूरले नेलं.

चार-पाच दिवस त्याचं काही खरं नव्हतं. डाक्टर म्हने, उन्हानं आतलं सारं तापलं, किडनीचं पाहाव लागन. घरी आमचे हे बोलत नव्हते. जेवाले बोलावलं त येत, अर्धी भाकर खात, उठून जात. तीस वर्सं मी म्हनली तोंडाले कुलूप लावा. आता लागलं होतं त मले ते सहन होत नव्हतं. पोरीनं सुटी वाढवून घेतली. ती अन् मी एका खोलीत बसू अन् एकमेकीकडे पाहू नाई. गावानं आमाले वंगाळ म्हनलं नाई. म्हनलं असतं त बरं झालं असतं. विहारात बाया अजून बी सरकल्या, "मीराबाई, पुढं या." मी मागं, दाराजवळ बसली. तिथूनच वंदना म्हनली.

मंग निरोप आला का कोलूभाऊ बोलाले लागला. आमी तिघं भेटाले गेलो. ह्यायनं बिस्किटाचे पुडे घेतले, मोसंब्या घेतल्या, दोनी हातात पिशव्या. वार्डाच्या दाराशी पाय अडखळले त्यायचे. मी म्हनलं, "चला आता. टपाल त रोज पोचवत होते ना घरोघरी, हे बी पोचवा." माह्या तोंडून जहर निघालं ते. पन निघालं.

कोलूभाऊ खिडकीजवळच्या खाटेवर होता. पाय पट्टीत, तोंडावरची कातडी सोलून निघाली होती, आतली गुलाबी दिसे. आमाले पाहून त्याचं तोंड असं खुललं! सोमारी बाजूले स्टुलावर होती. ती उठली अन् माह्या हातावर हात ठेवला. तिनं त्याले काही सांगतलं नव्हतं, हे मले तेव्हाच समजलं.

"जय सेवा, पोष्टमन भाऊ," तो म्हने. आवाज बसला होता. मंग त्यानं संघप्रियाले जवळ बोलावलं. "ये पोरी. तूच त वाचवलं मले. पाय मोडला त मी पान्याजवळच पडलो होतो. म्हनलं, हाक घालू, पन गाव लांब. मंग म्हनलं, आज पोरगी घरी हाये, कम्प्युटर बी संग असन. पन वर झाडं होती ना, झाडाखाली कसा दिसन मी तिले? म्हून सरकत सरकत वर गेलो. गमचा टाकला, लाल हाये, लवकर दिसते. अन् हात हलवत राह्यलो. हात दुखे त दुसरा हलवू. दिसलो ना तुले?"

आमचे हे पुढं झाले. "हव, कोलूभाऊ," हे म्हने, "हव, दिस..."

"नाई काका." पोट्टीनं बापाले पुढं बोलू देल्लं नाई. ती रडत होती, पन एकेक शब्द सरळ बोलली. "नाई दिसले. मले वरून मानूस दिसत नाई. मी खोटं चालू देल्लं. तुमी हात हलवत होते तेव्हा आमी घरी चाय पेत बसलो होतो."

कोलूभाऊ तिच्याकडं पाहात राह्यला. रागावला नाई. त्यानं सोमारीकडं पाह्यलं, तिनं मान खाली घातली. मंग ह्यायच्याकडं पाह्यलं. लेकरू पाहते तसं, समजून घ्यायले.

"अन् बकरी?" त्यानं इचारलं.

"अंदाजानं सांगतलं होतं, काका."

 तो सोललेल्या हातानं चादर सारखी करत राह्यला. मंग हळूच म्हने, "मंग मी उन्हात काऊन बसलो?"

कोनाले इचारलं त्यानं, मले माहीत नाई.  खिडकीतून दोपारचं ऊन थेट त्याच्या तोंडावर येत होतं अन् खिडकीले पडदा नव्हता. आमच्या ह्यायनं पिशव्या खाली ठेवल्या, खिडकीत गेले अन् तिच्याकडं पाठ करून उभे राह्यले. त्यायची सावली कोलूभाऊच्या तोंडावर पडली. सोमारीनं स्टूल सरकवलं, "बसा ना, पोष्टमन भाऊ." ते बसले नाई. ऊन सरकलं तसे ते सरकत राह्यले. अन् मी बी त्यायले बसा म्हनलं नाई.